मामंजी नेमकं काय म्हणाले

डोंबिवली, मंगळवार, १५ फेब्रुवारी १९५५

आज दुपारी रुसून जेवले नाही. वेडीच आहे मी.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "परीक्षेला ही रोज इथूनच गाडीने ठाण्याला जाईल, संध्याकाळी परत येईल." मामंजी ताडकन म्हणाले, "मुळीच जायचं नाही!" झालं. मला वाटलं, तेव्हा मला सातवा महिना लागेल ना, त्याचं निमित्त करून परीक्षाच बुडवताहेत. पण मग माझ्या पेन्सिलीला ब्लेडने टोक कोणी करून ठेवलं? घरात ब्लेड एकट्या मामंजींकडे.

संध्याकाळी तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं. नेमका तोच प्रश्न: दोघांचं बोलणं दिलंय, मतभेद कशावर ते ओळखा. मी नेहमी इथेच चुकते. एकजण ज्यावर बोललेलाच नसतो, ते त्याच्या तोंडी घालते. वाचता वाचता थांबले. मामंजी परीक्षेबद्दल बोलले होते कुठे?

उठले आणि सरळ विचारलं, "मामंजी, मी परीक्षेला बसू नये का?"

"कोण म्हणालं? बसायचंच! पण अशा दिवसांत रोज गाडीचे धक्के नकोत. आठ दिवस ठाण्यातच, टेंभी नाक्यावर माझ्या बहिणीकडे राहा."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आणि तिथे हिचे डोहाळे कोण पुरवणार?"

म्हणजे मतभेद एवढाच, की आठ दिवस मी कोणाच्या हातचं जेवायचं!

आत्ता लिहायला पेन्सिल घेतली, तर तिला दोन टोकं. एक मामंजींच्या ब्लेडचं, गुळगुळीत. दुसरं ओबडधोबड, विळीवर तासलेलं.