तिरुवर्कची खोली

नेहासे ९

तिरुवर्कचे पैसे या नेहासे महिन्यातही नाहीत. गेल्या महिन्यात उशीर झाला असेल म्हणून गप्प बसले. आता काय म्हणून बसू?

शारजाला घरकामाला गेल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीने एकही महिना चुकवला नव्हता. आमच्या दोघांच्या पेन्शनी – माझी कपड्यांच्या कारखान्याची, नवऱ्याची म्हणजे मेंगेशांची रस्ते खात्याची – मिळून घर अर्धा महिना चालतं. उरलेला अर्धा तिरुचा. इतकी वर्षं असंच चाललंय, आणि मी गल्लीत सांगत फिरते की आम्ही कोणाच्या जिवावर जगत नाही!

बरं, सध्या मरियमचा उपास आहे. मांस नाही, लोणी नाही, अंडं नाही. सगळ्यांच्याच घरी डाळ शिजते, त्यामुळे आमची डाळ झाकून जाते. उपास सुटल्यावर काय सांगायचं ते तेव्हा बघू.

नेहासे १०

फोन लावला. बंद.

नेहासे १४

आज कॉफीची पाळी माझी. गल्लीतल्या बायका जमल्या. बिया कमी होत्या म्हणून भाजताना जव मिसळले होते. धुराबरोबर वास जाईल असं वाटलं, पण एतेनेश समोर बसलेली! शेजारीण आहे की पोलीस. पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "अस्कालेच, ही तर तिसऱ्या फेरीची पाणचट कॉफी. पहिल्या दोन फेऱ्या कोणाला पाजल्यास?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. कान मात्र तापले होते. एका कोंबडीवरून ही बाई माझ्याशी वर्षभर बोलत नव्हती, तेच बरं होतं.

त्या गेल्यावर मेंगेशांना सांगितलं, तर म्हणाले, "मला तर कॉफी चांगली लागली." यांना काहीही चांगलंच लागतं. कोपऱ्यावर जाऊन भाड्याने पेपर वाचतात, जगाची काळजी करतात आणि घरी येऊन विचारतात, साखर संपली का?

नेहासे १७

उपास सुटला. आज पुन्हा डाळ केली. मेंगेशांनी झाकण उघडलं, पाहिलं, परत ठेवलं. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडायचंच होतं.

तेफ धान्याचा भाव परत चढला. मी पिठात ज्वारी मिसळते. आंबवलेल्या भाकरीसारखा आमचा इंजेरा काळपट होतो आणि कडेला चिरतो. आईने असला इंजेरा पाहुण्यापुढे ठेवला नसता, पण मग आईकडे कोणी शारजाहून पैसे पाठवत नव्हतं. ती आपल्या हिमतीने राहत होती. मीही राहू शकते, हे मला एकदा बघायचंच आहे.

नेहासे १९

फोन बंद. तिच्या मालकिणीचा नंबर लावला, तो वाजतो आणि थांबतो.

खरं लिहू? मला राग आलाय. आई गेली तेव्हा तिरु जेमतेम रांगत होती. तिला पाठीवर बांधून मी कारखान्यात जायची, शिलाई मशीनच्या खाली निजवायची. मला मूल झालं नाही. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण ही होती. आणि आता दोन शब्द कळवायला हिला होत नाही? निदान "ताई, यंदा जमत नाही" एवढं तरी!

नेहासे २१

ठरवलं. मागची खोली भाड्याने द्यायची.

खोली तिरुची. तिच्याच पैशांनी पत्रे बसवले, तिच्याच सांगण्यावरून भिंती निळ्या केल्या. पलंग, गादी, आरसा, सगळं घेऊन ठेवलंय. दोन वर्षांनी कायमची येणार, तोवर तिथे कोणी झोपायचं नाही. मी दर शनिवारी झाडते आणि कुलूप लावते. रिकाम्या खोलीला झाडते! आणि इकडे पिठात ज्वारी.

मेंगेशांना विचारलं. चष्मा पुसला. मग म्हणाले, "तिला विचारून दिली असती तर बरं. पण फोन लागत नाही तर काय करणार. दे." नव्या वर्षाच्या सणाच्या आधी भाडेकरू मिळायला हवा. पुढची पेन्शन मेस्केरेमच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या शेवटाला, आणि मध्ये पागुमेचे पाच दिवस. आमचं वर्ष तेरा महिन्यांचं आणि पेन्शन बाराच महिन्यांची. तेराव्या महिन्यात म्हाताऱ्यांना भूक लागत नाही असं सरकारचं मत दिसतंय.

नेहासे २५

दलालाने एक मुलगी आणली. सोलियाना. बँकेत नवीन लागली आहे, केस नीट, बोलणं मऊ. खोली बघून म्हणाली, "एतिये, निळा रंग किती छान आहे." एतिये! तिरुनंतर मला कोणी मोठ्या बहिणीची हाक मारली नव्हती. नाही म्हणावंसं वाटलं. पण भाडं सांगितलं तेवढं तिने मान्य केलं. सणानंतर राहायला येते म्हणाली.

नेहासे २८

आज काहीतरी विचित्र झालं. मेंगेशा पेपर वाचायला गेले ते दुपारी उगवले. गुडघे दुखतात म्हणाले, जेवले नाहीत. सरळ तिरुच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाले, धूळ. मी परवाच झाडलेल्या खोलीत धूळ!

मग म्हणाले, "खोली द्यायची नाही."

"का?"

"द्यायची नाही, अस्कालेच. माझं एवढं ऐक."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी असा आवाज कधी काढला नव्हता. मी म्हटलं, मग घर कशावर चालवू, तुमच्या पेपरावर?

नेहासे २९

एतेनेश सकाळी दारात. डोक्यावर तेफचं पोतं. निवडलेलं, पांढरं, चांगल्यातलं. म्हणे, जास्तीचं होतं. आमच्या गल्लीत जास्तीचं तेफ कोणाकडे असतं? माझ्याकडे बघत होती आणि बघतही नव्हती. माझा हात धरून उभी राहिली. हात सोडेचना.

मग कळलं. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेंगेशांनी सांगितलं! त्या पेपरवाल्या कोपऱ्यावर बसून आमची अब्रू वाटली! कॉफीतले जव, इंजेरातली ज्वारी, सगळं!

पोतं तसंच उचलून तिच्या ओट्यावर नेऊन टाकलं. म्हटलं, आम्ही अजून भीक मागायला निघालो नाही. ती चिडेल, चार शब्द ऐकवेल, म्हणून तयारीत होते. ती नुसती रडायला लागली. मला आणखीच राग आला. एवढी कीव!

पागुमे १

इद्दिरचे दोन महिने थकलेत. इद्दिर म्हणजे गल्लीची मरणाची भिशी. ती थकवून चालत नाही, नाहीतर आपल्या वेळेला ना मंडप, ना खुर्च्या, ना माणसं. एका महिन्याचे पैसे जमवून म्हाताऱ्या देरेजेंकडे गेले. ते खजिनदार. कवडी चुकली तर मयताच्या घरीही दंड सांगणारा माणूस. आज माझे पैसे हातात घेईनात. "राहू दे मुली, सण झाल्यावर बघू." मुली म्हणाले!

म्हणजे तिथवर पोचलं. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी रस्त्याने आले तेव्हा वाण्याच्या दुकानातल्या बायका बोलायच्या थांबल्या.

घरी येऊन मेंगेशांना वाट्टेल ते बोलले. तुम्ही माझं तोंड काळं केलंत म्हटलं. ताठ मानेने जगणं एवढंच माझ्याकडे होतं, तेही विकून आलात म्हटलं. ते खाली बघत बसले. शेवटी फक्त एवढंच म्हणाले, "मी कोणाला काही सांगितलं नाही ग." खोटारडे.

पागुमे २

सोलियानाला बोलावून घेतलं आणि आगाऊ भाडं घेतलं. मेंगेशांना न सांगता. येशील तेव्हा ये, खोली तयार असेल, असं सांगितलं.

कोंबडा, लोणी, कांदे आणले. आमच्या घरी सण होणार, आणि तो माझ्या हिमतीवर.

पागुमे ३

मेंगेशा चर्चमध्ये गेले होते. हल्ली रोज जातात. तेवढ्यात तिरुची खोली रिकामी केली. पलंग तसाच ठेवला, भाडेकरणीला लागेल. तिचे कपडे पेटीत भरले. हिरवा स्वेटर हातात घेतला तर अजून तिच्या डोक्याच्या तेलाचा वास. थोडा वेळ बसले तिथेच. मग पेटी ओढत आमच्या पलंगाखाली सरकवली. आरसा विकला.

ती आली की ओरडेल. ओरडू दे. मीही ओरडणार आहे.

मेंगेशांनी रिकामी खोली पाहिली. भिंतीला हात लावून उभे राहिले. मग संध्याकाळी माझे पाय धुतले. लग्न नवीन होतं तेव्हा सुद्धा धुतले नव्हते! अपराधी माणूस असाच वागतो. मी पाय धुऊ दिले, पण बोलले नाही.

पागुमे ५

मामेभाऊ लेगेसे देब्रे बिरहानहून अचानक आला. बायकोही बरोबर. सणाला म्हणे. मागची कित्येक वर्षं सण नव्हता वाटतं! आणखी दोन तोंडं, आणि एकच कोंबडा. त्यात लेगेसेची बायको मला चुलीपाशी जाऊ देईना. कांदे तीच चिरत होती आणि घळाघळा रडत होती. मी म्हटलं, अगं, कांदा धुऊन घे. तर आणखी रडली. अशी पाहुणी काय कामाची.

मेस्केरेम १

नवीन वर्ष. पाऊस थांबला. मुली पिवळी फुलं घेऊन दारात गाणं म्हणून गेल्या, त्यांना सुट्टे पैसे दिले.

कोंबड्याची आमटी सुरेख झाली होती. लोणी घातलं होतं, रीतीचे बाराही तुकडे, वर उकडलेली अंडी. आणि कोणी जेवलं नाही! लेगेसेने बोटं नुसती बुडवली. मेंगेशांनी पहिला घास माझ्या तोंडात दिला, रीत आहे म्हणून, पण त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं आणि रस्सा माझ्या पांढऱ्या कपड्यांवर सांडला. दुपारी एतेनेश आली, तेफचं भांडण झालंच नाही अशी. देरेजे आले. गल्लीतले निम्मे लोक येऊन गेले. प्रत्येकाने माझ्या गालाला गाल लावला आणि जरा जास्तच वेळ लावून ठेवला.

मी सगळ्यांना वाढलं. पोटभर वाढलं. बघा म्हटलं, अस्कालेचच्या घरी काही कमी नाही.

सगळे गेल्यावर पुन्हा तिरुला फोन लावला. नव्या वर्षाला तरी उचलेल असं वाटलं होतं. किती कठीण काळजाची झाली आहे ती पोर.

मेस्केरेम २

पहाट. अंगणात पावलं वाजली. सोलियाना सामान घेऊन आली असं वाटून पडदा सारला.

सोलियाना नाही. एतेनेश, देरेजे, पाद्री, मागे सगळी गल्ली. शाली तोंडावरून घेतलेल्या. इद्दिरची माणसं मंडपाचे खांब भिंतीला टेकवून उभी. कोणी बोलत नाही, कोणी दार वाजवत नाही. आत मेंगेशा बूट घालून बसले आहेत, कधीपासून कोण जाणे.

मरणाची बातमी आम्ही अशीच आणतो. आधी दिवसचे दिवस पोटात ठेवायची, मग पहाटे सगळ्यांनी मिळून जायचं. मीही अशी किती दारांत उभी राहिले आहे.

तिरु, पैसे नकोत ग मला. फोन उचल.