एकोणतीस फेब्रुवारीचा नेम

प्रिय एन्सिओ,

तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर बसून तुझ्या हातात पत्र दिलंय म्हणून हसू नकोस. तोंडावर बोलायला गेले की माझी दातखीळ बसते, आणि तू तर जन्माचा मुखदुर्बळ! मला तुला एक विचारायचंय. किती वर्षं राहून गेलंय. पण शेवटावर उडी मारू नकोस, ओळीने वाच. कॉफी निवली तरी चालेल.

आठवतं, शाळेतून आल्यावर मी तळ्याकाठच्या कुरणात भाला फेकायचे आणि तू पलीकडे लाल टोपी घालून उभा राहायचास आणि तो उपटून आणायचास? एकदा तो थेट तुमच्या वाफ्यात घुसला आणि टोकावर बटाटा घेऊनच परत आला. तुझी आई कडाडली, "ती फेकतेय नि तू कुत्र्यासारखा आणून देतोयस! लाज नाही वाटत?" तू म्हणालास, "नाही." बस्स, एवढंच. त्या दिवशी मी घरी नाचत गेले.

पुढचं गावाला तोंडपाठ आहे. फिनलंडची विजेती झाले, मग कोपराची चिरफाड झाली, डॉक्टर म्हणाले, आता विणकाम करा. आणि दोन वर्षांनी मी युरोपचं सुवर्णपदक आणलं! शेवटच्या फेकीपर्यंत चौथी होते रे. अख्खं स्टेडियम ओरडत होतं, मला मात्र मैदानाच्या टोकाला तुझी लाल टोपी दिसत होती. नसलेली. तिच्यावरच नेम धरला. रात्री तू फोनवर म्हणालास, "फेक वाईट नव्हती." आपल्या गावात याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं केलंय? मी रडले होते, वेड्या.

आता भाला सोडला. लोक विचारतात, करमतं का? अरे, मला तर इतकं मोकळं वाटतंय! सौना तापवून वाफेत घाम गाळायचा, बर्फ फोडून तळ्यात डुबकी मारायची, मग तुझ्या हातचा वेलदोड्याचा पाव. वजन वाढलंय, वाढू दे.

तर मुद्द्याचं. आज एकोणतीस फेब्रुवारी, बाईने पुरुषाला लग्नाचं विचारायचा आपल्याकडचा दिवस. चार वर्षांतून एकदा येतो, आणि मेलं ऑलिंपिकही त्याच वर्षी! दरवेळी मी दूर दक्षिणेत उन्हात सराव करत असायचे. यंदा पहिल्यांदाच गावात आहे. एन्सिओ, माझ्याशी लग्न करशील? नाही म्हणालास तर रिवाजाप्रमाणे तुला माझ्यासाठी स्कर्टचं कापड आणावं लागेल, आणि माझी कंबर बघ, अख्खा तागा लागेल. तेव्हा मुकाट्याने हो म्हण. बोलवत नसेल तर नुसती मान हलव. मी बघतेय.

उत्तर काहीही असो, तुझीच,
हेल्लेवी