शब्दाला शब्द

४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

तू बरी आहेस असं धरून चालते. मी ठीक. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडेल, तरी शेवटपर्यंत वाच.

मला एका वृद्धाश्रमात दुभाष्याचं काम मिळालंय. तिथले खलाशीबाबा फक्त स्पॅनिश बोलतात, ते मी नर्सबाईंना सांगते. बाई हसऱ्या, म्हणून मी मुद्दाम शब्दाला शब्द ठेवायचे. 'माझ्या जिभेवर केस नाहीत,' म्हणजे मी स्पष्ट बोलतो. बाईंनी बाबांना खरंच जीभ काढायला लावली! आपण म्हणतो पाणी मुरतंय, ते म्हणतात मांजर कोंडलंय. बाई पलंगाखाली वाकून बघायला लागल्या. हसून हसून पोट दुखायचं.

मागच्या मंगळवारी दुपारी मात्र बाबा गंभीर होते. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त मास्तर, डावा गुडघा सहा वर्षं आखडलेला. ते चहा पीत होते. त्यांच्याकडे बघत बाबा हळूच म्हणाले, "हा आज पाय ताणणार."

ताई, आपण 'डोळे मिटले' म्हणतो, ते 'पाय ताणला' म्हणतात. मला माहीत होतं.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"मास्तर आज पाय ताणणार म्हणे."

"अगं बाई! व्यायामाचा गुण आला म्हणायचा!"

मीही हसले. खरं सांगायला जीभ रेटली नाही.

चार वाजता मास्तर गेले. चादर काढली, तर डावा पाय काठीसारखा सरळ. तासभर आधी बोलावलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर बाबांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"तो सकाळपासून ताणत होता. तुम्हाला दिसलं नाही?"

आज सकाळी त्यांचा चष्मा पुसत होते, तर म्हणाले, "तुझी थोरली बहीण दुसऱ्या वस्तीत राहायला निघालीय."

मला बहीण आहे हे तिथे कुणालाच माहीत नाही. आणि त्यांच्या भाषेत दुसरी वस्ती म्हणजे काय, ते तुला आता वेगळं सांगायला नको.

मी तुझ्या घरमालकीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, त्या घर सोडतायत. सकाळपासून खोकी बांधतायत." त्यांनी तुला हाक मारली. "मला बोलायचं नाही," हे तुझं मला ऐकू आलं. एवढ्या तीन शब्दांत तुला दोनदा श्वास घ्यावा लागला.

मला बघून तू दार उघडणार नाहीस, म्हणून हे पत्र नर्सबाईंच्या हाती पाठवतेय. त्यांना सगळं सांगितलंय, मास्तरांचंही. त्या हसल्या नाहीत. खाली गाडी उभी आहे. खोकी राहू देत, चपला घाल आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात चल.

मी तिथे दाराशीच उभी आहे. तुला मला जे काय सुनवायचंय ते तिथे येऊन सुनव.

तुझीच,
धाकटी