गोपीचंदची चाई

४ फेब्रुवारी १९३५, वाशीम

लाज नाही या लोकांना! शेजारच्या पानाबाईच्या गोपीचंदची — माझ्याच हातावर जन्मलेला तो — सगाई ठरत आली होती. जवळच्या मालेगावहून मुलीचा मामा सुगनचंद आला आणि भर बैठकीत म्हणाला, "टोपी काढा. डोकं पाहू." काढली. मागच्या बाजूला रुपयाएवढे तीन चट्टे, केसाविना. "चाई हाय! आमची पोर काही आमाले जड नाही झाली." दुधाचे पेले तसेच टाकून उठले.

पानाबाईचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येतं आहे. मुलींना चालवून, वेणी सोडायला लावून पाहतात तेव्हा कुणी रडत नाही, हेही लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

गोपीचंदला अंगणात उन्हात बसवलं. दवाखान्यातून निवृत्त होताना मागून घेतलेलं मोठं भिंग काढलं. "राहू द्या ना मावशी, कायले पाहता?" — "गप बैस!"

काय सुरेख कातडी! एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस, मुळापासून सारख्या जाडीचे. कोंडा नाही, खपली नाही. चाईत चट्ट्याच्या कडेचा केस मुळाशी बारीक होऊन तुटतो — तसा एकही नाही. चट्ट्यातही छिद्रं उघडी आणि त्यांतून नवी कोवळी टोकं! इतकं निरोगी डोकं सगळ्या नोकरीत क्वचितच पाहिलं.

मग केस गेले कुठे? गेले असतील. रोग नाही, एवढं पुरे.

७ फेब्रुवारी

सुगनचंद इथल्या बाजारात भेटला. सांगितलं त्याला. "बाई, तुमी बाळंतपणं करा. मर्दाच्या डोक्यातलं तुमाले काय समजते?"

तराजूच्या काट्यापलीकडे यानं जन्मात काही निरखून पाहिलं आहे का? म्हटलं, "पानाबाईकडे या, स्वतः भिंगातून पाहा. मग तुमचंही डोकं बघते — वरून तर ठीक दिसतं, आत काही सापडतं का पाहू." आजूबाजूचे दुकानदार हसले. तो नाही.

१० फेब्रुवारी

जिंकले! सुगनचंद आला, भिंगाला डोळा लावला, "केस तं उगून राह्यले," म्हणाला. सगाई पक्की. पानाबाईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. गोपीचंद तेवढा भिंतीकडे तोंड करून बसला होता. लाजला असेल.

१३ फेब्रुवारी

मूर्ख मी!

गोपीचंद आला. चौथा चट्टा, अगदी ताजा. भिंगाखाली पाहिलं — छिद्रं रिकामी, काहींच्या तोंडाशी रक्ताचा ठिपका. आणि राख!

"हे काय फासलंस?"

"केस निसटू नये म्हणून बोटाले लावतो, मावशी."

उपटतो! इथल्याच शिरपूरला जैन मुनिमहाराजांचा केशलोच पाहून आला — हातानं उपटतात, तोंडातून हूं की चूं नाही. तेव्हापासून घरी चोरून सवय करतो आहे. दीक्षा घ्यायची आहे म्हणे. "टोपी काढायले लावली तवा वाटलं, सुटलो. तुमी काहून मधात पडल्या?"

मी काहून मधात पडले! "केस उपटताना हूं नाही आणि आईसमोर जीभ उचलत नाही? हा कसला वैरागी!"

"आई जेवण सोडन. मागं बी सोडलं होतं."

"आणि ती पोरगी? लग्न करून टाकून जाशील?"

टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मी थांबनार नाही, मावशी. मले माहीत हाय. तुमी रोग हाय म्हना ना."

माझ्या तोंडून खोटं! लहानपणी कॉन्व्हेंटच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीच्या जिभेला सिस्टर साबण लावायच्या. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. आणि माझं निदान आजवर कुणी खोडलेलं नाही. हाकलून दिला त्याला.

१५ फेब्रुवारी

मालेगावला जाऊन आले. सुगनचंदला म्हटलं, "म्हातारीची नजर चुकली. चाईच आहे."

भर दुकानात हसला मेला.