दोघांपुरता इन्व्हर्टर

१ मार्च, सोमवार. सकाळी ६.
ज्याच्या कृपेने सूर्य तारेवाचून पेटतो आणि बटणावाचून मावळतो, त्या विश्वचालकाला प्रथम वंदन. त्याच्या आज्ञेने ही रोजनिशी आरंभली आहे. ती कोणी वाचावी अशी इच्छा नाही. इच्छा या विषयाशीच माझा संबंध संपला आहे.

आता प्रस्तुत विषय. २० तारखेला रानापलीकडच्या तळ्याकाठी पाच दिवस तंबूत राहण्याचे योजिले आहे. हेतू एकच : एकांत. सोबत मुलगा येईल.

म्हणजे तसे ठरलेले नाही. काल फोनवर तो म्हणाला, "आलो असतो हो बाबा, पण तिथे लाइट नाही. लॅपटॉप बंद पडला तर कामाचं काय?" यातले 'आलो असतो' एवढे मी कॅलेंडरवर लिहून ठेवले. उरलेला भाग विजेचा आहे, आणि विजेचा प्रश्न विजेने सुटतो.

संकल्प : गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक इन्व्हर्टर घेणे. लहान, साधा. संग्रहाचा मोह नसावा.

३ मार्च, बुधवार.
कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. मालकीणबाई उंच स्टुलावर, चष्मा कपाळावर. इन्व्हर्टर कशावर चालवणार, असे त्यांनी विचारले. ईश्वराच्या कृपेवर, असे मी सांगितले. "ती असू द्या काका, पण बॅटरी किती अँपिअरची आहे?"

बाईंना अध्यात्माची ओढ कमी. विषयाचे ज्ञान मात्र उत्तम. इन्व्हर्टर दोन जातींचे. एकाची वीज खडबडीत. तिच्यावर पंखा गुरगुरतो, चार्जर तापतो. दुसरा 'प्युअर साइन वेव्ह', त्याची वीज घरच्यासारखी. जे शुद्ध तेच द्या, असे मी तत्काळ म्हणालो. पुढे किती वॅटचा, हा प्रश्न निघाला. ते काय काय चालवणार आणि माणसे किती, यावर ठरते म्हणे.

"दोन," मी म्हणालो.

बाईंनी कागदावर दोनाचा आकडा काढून त्याभोवती गोल केला. अक्षर चांगले आहे त्यांचे. कागद मागून घेतला.

४ मार्च, गुरुवार.
यादी केली. माझी गरज : वाचनाचा दिवा, ९ वॅट. मोबाइल, ५ वॅट. मुलाची : लॅपटॉप, दुसरी स्क्रीन, मोबाइल, कॉफीसाठी किटली (एकटी ६००!), टेबलफॅन. फॅनच्या आवाजाशिवाय त्याला लहानपणापासून झोप येत नाही. बेरीज आठशेच्या घरात. त्यात माझे चौदा. यावरून माझे वैराग्य सिद्ध होते.

७ मार्च, रविवार.
मुलाचा फोन दर रविवारी अकराला येतो. मी त्याची वाट पाहत नसतो; त्या वेळी खुर्ची फोनजवळ असते, इतकेच. ११.४० ला आला.

विजेची व्यवस्था झाली, असे सांगितले. तो मग "अरे वा" म्हणाला. मग म्हणाला की त्याला दोन स्क्रीन लागतात. त्या यादीत आहेत, असे मी सांगितले. मग म्हणाला की पाठ दुखते, जमिनीवर निजणे जमत नाही. हवेच्या गादीचे नाव मी काढले. "बाबा, तुम्ही म्हणजे ना..." असे म्हणून तो हसला. विचार करतो म्हणाला.

विचार करणे ही होकाराची पहिली पायरी होय. एकूण चार मिनिटे बोलला. गेल्या वेळेपेक्षा एक अधिक.

८ मार्च, सोमवार.
गादीच्या पंपाचे विचारायला दुकानात गेलो. सोमवारी दुकान बंद असते. हे मला ठाऊक होते. पाटी वाचून परत आलो.

९ मार्च, मंगळवार.
पंपात मोटर असते, आणि मोटर सुरू होताना क्षणभर दुपटी-तिपटीने वीज ओढते. म्हणून हजार वॅटचाच घ्यावा लागेल. तो सिगारेट-लायटरच्या भोकात चालत नाही. थेट बॅटरीला चिमटे लावायचे. "आणि इंजिन चालू ठेवा हं काका, नाहीतर बॅटरी बसेल. लिहून घ्या." लिहिले नाही. सहस्रावधी श्लोक ज्या स्मरणात आहेत, तेथे हे एक वाक्य कोठे जाईल?

मुलगा सोबत येणार हे मी बाईंना सांगितले होते. त्यांनी पुन्हा विचारले, "मुलगा नक्की येणार ना? एकट्याला हे धूड कशाला? एकट्याला दीडशेचा पुरतो. पिशवीत मावतो." येणार आहे, असे मी किंचित कठोरपणे सांगितले. हजाराचा घेतला. जड आहे. जिन्यात दोनदा टेकलो, चिंतनासाठी.

११ मार्च, गुरुवार. सायं. ५.
पार्किंगमध्ये पहिला प्रयोग. बॉनेट उघडले, चिमटे लावले, हिरवा दिवा लागला. इंजिन सुरू केले नाही. त्याच्या घरघरीत मन एकाग्र होत नाही. किटलीत दोन कप कॉफी केली. मी कॉफी पीत नाही. परंतु भाराची परीक्षा पूर्ण भारानेच करावी. दुसरा कप शेजारच्या सीटपुढे ठेवला.

वॉचमन आला. "आजोबा, कोणाची वाट बघताय?" प्रयोग चालू आहे, असे उत्तर दिले. त्याने तो कप उचलला आणि पन्नास मिनिटे आपल्या लेकीविषयी सांगितले. ती रोज फोन करते म्हणे. बराच वेळ वाया गेला.

उद्याही प्रयोग करणे आवश्यक आहे.

१२ मार्च, शुक्रवार.
प्रयोग यशस्वी. वॉचमनला साखर दोन चमचे लागते.

१४ मार्च, रविवार.
फोन १२.१५. पंप, गादी, स्क्रीन, किटली, सगळे सज्ज आहे, असे सांगितले. तो म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण तिथे रेंज नसणार. माझ्या मीटिंगा असतात, बाबा. पुढच्या वेळी नक्की." मी आग्रह केला नाही. सुखदुःख समान मानणाऱ्याला आग्रह शोभत नाही. गॅसवरचे दूध उतू गेले, त्याचा याच्याशी संबंध नाही.

रेंज उत्पन्न करणारे एखादे यंत्र बाईंकडे असेल.

१६ मार्च, मंगळवार.
नाही. "नाही हो काका," इतकेच म्हणाल्या. मला बसायला त्यांनी आपले स्टूल दिले.

सायंकाळी प्रयोग. इन्व्हर्टर अधूनमधून टीं टीं करतो. आनंदात असावा.

१८ मार्च, गुरुवार.
आज किटली तापण्यापूर्वीच इन्व्हर्टर आपोआप शांत झाला. मौनाचे महत्त्व यंत्रालाही कळू लागले आहे. वॉचमनला आज कॉफी मिळाली नाही. तरी तो बसला.

१९ मार्च, शुक्रवार.
गाडी भरली. घडीच्या खुर्च्या दोन. एक काढून ठेवणार होतो, पण डिकीत तिच्यामुळे सामान हलत नाही.

२० मार्च, शनिवार. सकाळी ७.
वंदन करून किल्ली फिरवली. टिक्. पुन्हा फिरवली. टिक्. तिसऱ्यांदा तेही नाही.

९.३०.
वॉचमनने बाईंना बोलावले. त्यांनी मीटर लावला आणि माझ्याकडे पाहिले. ते वाक्य मला तत्क्षणी शब्दशः आठवले. बाई ते बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. बॅटरी पार उतरली आहे. दुकानात नेऊन चार्जिंगला लावते, मंगळवारी न्या, म्हणाल्या. मग सहज म्हणाल्या, "मुलाला हाक मारता का जरा? उचलायला हात लावेल."

तो आलेला नाही, असे सांगितले. तो येणार नव्हता, असेही सांगितले. हे मोठ्याने प्रथमच बोललो.

बाईंनी आणि वॉचमनने बॅटरी उचलून नेली.

दुपारी ४.
गाडीतच बसलो आहे. हजार वॅटचा इन्व्हर्टर मांडीवर आहे. वीज कशातच नाही.

फोन वाजला. आज शनिवार असूनही! मुलगा. "पोहोचलात का, बाबा?"

पोहोचलो, म्हणालो.

"कसं आहे तिथे?"

शांत आहे. फार शांत.

"बरं झालं." मग म्हणाला, "रेंज आहे की तिथे."

आहे, मी म्हणालो.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. दोघेही फोन धरून होतो. शेवटी म्हणाला, "काळजी घ्या हं." सहा मिनिटे. त्यातली दोन मौनाची, तरी धरली आहेत.

मंगळवारी इन्व्हर्टर बदलून आणायचा. बाई विचारतील, माणसे किती. एक म्हणेन. दीडशेचा पुरतो.

ही पाने कोणी वाचणार नाही. तरीही, हे दयाघना, जो कोणी वाचील त्याच्या घरी दिवा तेवत राहो, त्याच्या गाडीची बॅटरी सदैव भरलेली असो, आणि त्याचा फोन रविवार नसतानाही वाजो.