तलावाच्या भिंतीखालचे पहिले घर

मी, डॉर्कस शॉरॉक, वय चौऱ्याऐंशी, अविवाहित, एकोणपन्नास वर्षे गिरणीत विणकर, राहणार गिरणी तलावाच्या भिंतीखालचे पहिले घर, हॅरपक्लफ, लँकेशायर, हे पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. कान गेले आहेत, डोके नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण माझ्या बहिणीचा मुलगा क्लिफर्ड गावभर उलटेच सांगत फिरतो. ज्या मृत्युपत्रात सगळे त्यालाच दिले होते, ते मी रद्द करते.

१. चिनी मातीची किटली शेजारच्या मागावरची माझी मैत्रीण ॲनिस पिकअप हिला. ती १९५३ साली तिने चार दिवसांसाठी नेली होती. आता तिचीच समजावी.

२. मालकांनी निवृत्तीला दिलेले घड्याळ कोणालाही देऊ नये. ते पहिल्या वर्षीच बंद पडले. मालकांनी आम्हाला घरे दिली, चर्च दिले, गल्ल्यांना आपल्या मुलींची नावे दिली, दारूचा गुत्ता तेवढा होऊ दिला नाही. आणि गिरणीसाठी लागणारे सगळे पाणी आमच्या डोक्यावर साठवून ठेवले.

३. त्या पाण्याची झडप माझे वडील सांभाळत. भिंतीतला दगडांचा खालून तिसरा थर ओला झाला की ते झडप उघडून पाणी सोडून देत. पाझर स्वच्छ असेल तोवर ते निवांत असत. त्यातून माती येऊ लागली की जेवत नसत. गिरणी बंद पडून बावीस वर्षे झाली, झडप तेव्हापासून उघडलेली नाही. ईस्टरला तिसरा थर ओला होता, ऑगस्टमध्ये पाचवा. आता माती येते.

गिरणी आणि तलाव क्लिफर्डने विकत घेतले आहेत. तो तिथे फ्लॅट बांधून विकतो. नऊ सप्टेंबरला तो एका इंजिनिअरला घेऊन माझ्या खिडकीबाहेर उभा राहिला. मी बहिरी, म्हणून दोघेही माझ्याकडे तोंड करून खुशाल बोलले. क्लिफर्ड शहरात वाढला. मागांच्या खडखडाटात आम्हा बायकांना कोणाचेच काही ऐकू येत नसे, आम्ही जन्मभर ओठ वाचून गप्पा मारल्या, हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

इंजिनिअर म्हणाला, "ही भिंत हिवाळा काढेल असं मी लिहून देणार नाही. तलाव आत्ताच रिकामा करा."

"तलाव गेला तर फ्लॅट कोण घेणार? मार्चपर्यंत सगळे विकतो. तोवर गप्प बसा की राव!"

"आणि खालची घरं?"

"पहिल्यात म्हातारी आहे. बाकी सगळे भाडेकरू."

मग आत येऊन माझ्या कानाशी ओरडला, "काय मावशी, चहा टाकतेस ना?"

मी टाकला. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी दारोदार सांगत फिरले. "मावशीला भास होतात हो," एवढे म्हणून त्याने माझा निकाल लावला. लोकांनी मला बिस्किटे देऊन घरी पाठवले.

४. झडपेचा लोखंडी दांडा माझ्या पलंगाखाली आहे. तो ॲनिसच्या दोन्ही मुलांना. माझ्या एकटीच्याने तो फिरला नाही. सोबत वडिलांची कुऱ्हाडही द्यावी. त्यानंतर झडपघराला क्लिफर्डने नवे कुलूप लावले आहे, पण दार जुनेच आहे.

५. हे घर क्लिफर्डला. अट एकच: माझ्या अंत्यविधीच्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत त्याने रोज इथेच, भिंतीकडच्या मागच्या खोलीत झोपावे. बायको-मुलींना आणू नये, त्यांचा काही दोष नाही.

अट मान्य नसेल, तर त्याने माझ्या शवपेटीपाशी उभे राहून सगळ्या गावासमोर कारण सांगावे. पुटपुटला तरी चालेल. पहिल्या बाकावर ॲनिस आणि उरलेल्या दोन विणकरणी बसतील. त्याने फक्त तोंड त्यांच्याकडे ठेवावे.

६. हा कागद पाद्रीबुवांनी मला पुरण्याआधी चर्चमध्ये मोठ्याने वाचावा. डॉक्टरांनी मला नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. भिंतीला तेवढीही कोणी दिलेली नाही, म्हणून मला जायची घाई आहे.

सही: डॉर्कस शॉरॉक
आमच्यासमक्ष, आम्ही दोघेही हजर असताना सही केली:
विल्फ्रेड हार्गरीव्ह्ज, पाद्री
बेरिल टॅटरसॉल, परिचारिका
हॅरपक्लफ, २८ ऑक्टोबर १९८६. पाऊस चालू. सहावा थर.