पोशाख आधी, कागद नंतर

मी, उशिया रेबोरेदो ओउबिन्या, वय अठ्ठावीस, धंदा खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, वेचणे, राहणार कानेइरोस, गालिसिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी रागात मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र कायद्याला चालते का, हे मी नोटरीच्या कचेरीत जाऊन विचारले. तिथल्या बाई म्हणाल्या, "पोरी, शांत डोक्यानं लिहिलेलं मृत्युपत्र मी तरी अजून पाहिलेलं नाही." तेव्हा तो प्रश्न मिटला.

त्याच बाईंनी सांगितले की सगळा मजकूर हाताने लिहावा, तारीख घालावी, सही करावी. साक्षीदार लागत नाहीत. मी तरीही दोन साक्षीदार बोलावले आहेत. खाडाखोड झाली तर तिच्याखाली वेगळी सही लागते, म्हणून सावकाश लिहीत आहे.

येत्या सोमवारी शहरातल्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ती जन्मापासून नीट मिटत नाही. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टरांनी मला इतक्या वेळा सांगितले की मी घाबरले. मंगळवारी उधाणाची ओहोटी आहे. त्या दिवशी तिसऱ्यांचा हंगाम उघडेल आणि माझी धाकटी बहीण नोआ पहिल्यांदाच पाण्यात उतरेल. मी तिथे नसेन. हे सगळे लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

कलम १. घर. आईचे घर निम्मे माझे, निम्मे नोआचे. माझा हिस्सा नोआला द्यावा. बाबा मालवाहू जहाजावर असतात. ते घरी येतील तेव्हा मागची खोली त्यांची, मात्र त्यांनी तिथे विडी ओढू नये. ही अट मी त्यांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "मग जहाजावरच बरा आहे मी." तरी अट कायम आहे.

कलम २. दाताळे. वाळू उकरायचे माझे दाताळे नोआला द्यावे. त्याचा दांडा आईच्या दाताळ्याचा आहे. मला पहिली अक्षरे शाळेने शिकवली नाहीत. ओहोटीला आई मला बरोबर नेई, दाताळ्याच्या टोकाने ओल्या वाळूत एकेक अक्षर काढी आणि म्हणे, "पाणी यायच्या आत वाच." तिची बहीण एलबिरा मावशी मला मोजमाप शिकवी. तिच्याकडे पितळेची कडी होती. कडीतून जी तिसरी खाली पडेल ती लहान, ती परत पाण्यात. मी विचारी, "कोणी बघत नसलं तर?" मावशी म्हणे, "तिसरी बघते की!" त्याचा परिणाम असा झाला की चुकून एखादी लहान तिसरी टोपलीत राहिली तर मला अजून झोप लागत नाही. ही सवय मी नोआला देत नाही. तिने सुखाने झोपावे.

कलम ३. परवाना. खाडीत उतरण्याचा परवाना कोणाला देता येत नाही, तेव्हा हे कलम कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. तरी लिहिते. आई गेली आणि तिची जागा त्याच महिन्यात रद्द झाली. मला परीक्षेला बसावे लागले. तिसऱ्या अंडी कधी घालतात, ते त्यांनी मला विचारले. बाई पाण्यात कशाने मरते, ते विचारले नाही. मला ते माहीत होते.

कलम ४. आईची बूट-विजार. पायात बूट आणि वर छातीपर्यंत रबराची विजार, असे हे एकसंध कपडे असतात. ही विजार आईची नव्हे, बाबांची. आईच्या पायांना ती किती तरी मोठी होती. ती तिच्या अंगावर का होती, ते इथे नोंदवते.

कमी उत्पन्नाच्या घरांना कामासाठी करावा लागणारा खर्च भरून देण्याची आमच्या नगरपालिकेची योजना आहे. बूट, पोशाख, बसभाडे, मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार, सगळे त्यात बसते. पैसे मिळतात ते मात्र वस्तू विकत घेऊन पावती दाखवल्यावर, आणि काम सुरू झाल्यावर. म्हणजे ज्या बाईकडे आधी पैसे आहेत, तिला नंतर पैसे मिळतात. आधी उघड्या वाळूवरच वेचणारी आई चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा खोल पाण्यात उतरणार होती, तेव्हा ती नगरपालिकेच्या खिडकीपाशी गेली. खिडकीतल्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नियम मी केलेला नाही हो." नियम ज्याने केला तो माणूस मला आजवर भेटलेला नाही.

आईला अंगाबरोबर बसणारा, पाण्यात तरंगत ठेवणारा पोशाख हवा होता. दुकानदार फुको उधार द्यायला तयार होता, पण तिसऱ्या वेचणाऱ्यांच्या संस्थेने हमी घ्यावी, असे त्याचे म्हणणे. संस्थेचे अध्यक्ष लिसार्दोमामा, आईचे चुलतभाऊ. आई त्यांच्याकडे गेली तेव्हा मी आणि इतर चारपाच जणी तिथेच तिसऱ्या निवडत होतो. 

मामा म्हणाले, "दोरिंदा, एकीला सही दिली की सगळ्या रांग लावतील."

"लावू देत की. थंडी सगळ्यांनाच वाजते."

"आणि तू पैसे बुडवून पळालीस तर?"

"कुठे पळू रे? टोपली घेऊन पोहत पोर्तुगालला?"

सगळ्या हसल्या. मामाही हसले. त्यांनी सही केली नाही. आई मला म्हणाली, "पहिला महिना ह्यांच्या विजारीत काढते, मग नवीन घेते."

अशा विजारीला वरच्या बाजूला एक पट्टा असतो. तो आवळला की माणूस पडले तरी पाणी आत शिरायला वेळ लागतो, तेवढ्यात हात देता येतो. आमच्या खाडीत त्या पट्ट्याने टोपली बांधतात. टोपली तरंगत मागे येते आणि दोन्ही हात दाताळ्याला मोकळे राहतात. पट्टा कशासाठी आहे ते प्रत्येकीला ठाऊक असते आणि जी ती तो टोपलीलाच बांधते. आईनेही तेच केले. ओहोटीच्या पाण्याने खाडीतल्या खोल प्रवाहाच्या काठाची वाळू खालून कोरली होती. मावशी तिच्या शेजारी होती. ती सांगते की आई पडली नाही, बसली. खुर्चीत बसावे तशी. विजार तोंडापर्यंत भरली. सहा जणी ओढत होत्या. पाण्याने भरलेली विजार सहा जणींना उचलत नाही.

इथे प्रत्येक घर मरणाचा, म्हणजे दफनाच्या खर्चाचा, विमा भरते. पोशाखाला पैसे नसतात, पण विम्याचा हप्ता कधी चुकत नाही, कारण शेजारीपाजारी बघतात. त्यामुळे आईला ओकची शवपेटी मिळाली, पितळी कड्यांची, आतून पांढरे साटीन. तिच्या अंगाला नेमकी बसणारी, नवी कोरी, अशी ती पहिली वस्तू. विमावाल्यांनी पैसे देण्यासाठी कोणाकडे पावती मागितली नाही.

वर्षअखेरीला योजनेतले पैसे उरले आणि वर सरकारकडे परत गेले. लिसार्दोमामांनी रेडिओवर सांगितले, "आमच्या बायका स्वाभिमानी आहेत, त्या मागत नाहीत." मामा, तिने मागितले होते. तुमच्याकडेच मागितले होते, आम्ही सगळ्या तिथे होतो, आणि तुम्ही हसला होतात. हे वाक्य मी मृत्युपत्रात घालत आहे, कारण मृत्युपत्र मोठ्याने वाचावे लागते आणि मधे कोणाला बोलता येत नाही.

ही विजार जाळून टाकावी, असे मी आधी ठरवले होते. परवा नोआशी भांडण झाले.

"मी आईचीच घालणार," ती म्हणाली.

"तुला ती बगलेपर्यंत येते."

"वरून दुमडीन."

"नोआ, ह्याच विजारीत ती..."

"म्हणूनच! आणि ताई, नवीन कुठून आणू? आधी पावती, मग पैसे, तोच खेळ. तू काय बँक आहेस? पहिला महिना ह्यात काढते, मग घेते नवीन."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आई जे बोलली होती तेच ही बोलली. हिने ते कधी ऐकलेले नाही, तेव्हा ती शाळेत होती. मी विजार माझ्या पलंगाखाली ठेवली आहे आणि तिच्यावर झोपते. इस्पितळात गेल्यावर मला तिच्यावर झोपता येणार नाही.

कलम ५. लिसार्दोमामांच्या गॅरेजसमोरची माझी जमिनीची पट्टी. आजोबांकडून आईला आणि आईकडून मला आलेली ही पट्टी जेमतेम गाडीच्या रुंदीची आहे. मामांना ती वीस वर्षांपासून हवी आहे, कारण तिच्यावाचून त्यांना गाडी उलटी काढावी लागते. ती मी पुढील अटीवर संस्थेला देते. माझ्या मृत्यूनंतर वर्षाच्या आत संस्थेच्या सर्वसाधारण सभेने असा नियम करावा: नव्याने पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक बाईला संस्था स्वतःच्या पैशाने पोशाख घेऊन देईल, पहिल्या ओहोटीच्या आधी, ती गरीब आहे का हे न विचारता. योजनेची पावती, अर्ज आणि खिडकी ही डोकेदुखी नंतर संस्थेची. पोशाख आधी, कागद नंतर. नियम झाला तर मामांनी त्या पट्टीवरून रोज सरळ गाडी काढावी. न झाल्यास पट्टी एलबिरा मावशीची, आणि तिने तिथे बोकड बांधावा अशी माझी इच्छा आहे.

मावशीला हे कलम वाचून दाखवले. ती म्हणाली, "माझ्याकडे बोकड नाही."

"मग घे."

"घेते. चांगला द्वाड बघून घेते."

कलम ६. बचत. बँकेत माझ्या नावावर जी रक्कम असेल ती एलबिरा मावशीच्या ताब्यात द्यावी. तिने त्यातून माझ्या मृत्यूनंतर पोशाख विकत घ्यावेत, ते आपल्या होडीच्या खोपटात टांगून ठेवावेत आणि पहिला नोआला, बाकीचे या हंगामात नव्याने येणाऱ्या तिघींना

वरील कलम ६ मी अर्धेच सोडून त्यावर रेघ मारत आहे.
खाडाखोडीखालची सही: उशिया रेबोरेदो ओउबिन्या

कारण नोंदवते. वारसाचा दाखला, कर, बँकेची सही, हे सगळे उरकायला निदान अर्धे वर्ष लागते, असे नोटरीच्या बाईंनीच सांगितले होते. नोआ मंगळवारी पाण्यात जाते. आधी मरा, मग कागद दाखवा, मग पैसे. इतका वेळ ज्या लोकांना शिव्या दिल्या, त्यांच्याच खिडकीत मी इतका वेळ बसले होते. साडेबारा झाले आहेत. बँक उघडी आहे, फुको दीडला दुकान बंद करतो. उरलेले आल्यावर लिहिते.

दुपारचे साडेतीन. पुढे लिहीत आहे. शाई वेगळी दिसेल, कारण आधीचे पेन बँकेत विसरले. हात तोच आहे.

नोआला मी हात धरून नेले. फुकोने तिच्या खांद्यांचे माप घेतले आणि ती आत जाऊन पोशाख चढवून आली.

"ताई, ह्यात श्वास घेता येत नाही. मी सॉसेज झालेय."

"असाच असतो तो," फुको म्हणाला. "पाणी आत जायला जागा नको म्हणून."

फुकोने मान खाली घालून बाकी तिघींसाठी तीन पोशाख काढले. मी त्याला म्हटले, टोपलीसाठी वेगळे दोर दे, प्रत्येकीला एक. त्याने चार दोर मापून कापले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. मी ते घेण्याचा आग्रह धरला. तो चिडला. "बाई, चार वर्षं मी इथे उभा आहे," तो म्हणाला. "मला एवढं तरी करू दे." मग मी आग्रह सोडला.

घरी येऊन नोआने पलंगाखालची विजार ओढून काढली. मला वाटले, पुन्हा भांडण. तिने माझ्या शिवणाच्या कात्रीने खांद्यांचे दोन्ही पट्टे कापले आणि विजार घडी करून आपल्या कपाटात ठेवली. "जाळायची नाही," ती म्हणाली. "पण आता कोणाला घालताही येणार नाही." म्हणून कलम ४ ची वस्तू आजपासून नोआची आहे. मृत्युपत्राची गरज उरली नाही.

कलम ७. बँकेत आता देण्यासारखे काही नाही. वारसांनी तिथे हेलपाटे घालू नयेत. फुकोच्या चार पावत्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. मी सोमवारी मेले तर त्या एलबिरा मावशीने नगरपालिकेत न्याव्यात आणि नियमाप्रमाणे पैसे वसूल करून पुढच्या हंगामाचे पोशाख घ्यावेत. "ज्या बाईने खरेदी केली ती हयात असावी" असा नियम निघाला, तर मावशीने खिडकीपाशीच बसून राहावे. तिला खुर्ची घरून न्यावी लागेल. न मेले तर मी स्वतः जाईन, बरोबर लिसार्दोमामांना नेईन, आणि या वेळी हसणे माझे असेल.

कलम ८. मला ओकची पेटी नको. सगळ्यात स्वस्त पेटी घ्यावी आणि विम्याचे उरतील ते पैसे भांडून परत घ्यावेत. नोआने दफनाला येण्यासाठी ओहोटी चुकवू नये. दफन भरतीच्या वेळी ठेवावे.

वरचा सगळा मजकूर मी एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचला. तो माझाच आहे. यातला एकही शब्द मी बरी झाले तरी मागे घेणार नाही.

उशिया रेबोरेदो ओउबिन्या
कानेइरोस, शुक्रवार, ७ ऑक्टोबर २०२२

साक्षीदार १: एलबिरा ओउबिन्या पासोस. मजकूर ऐकला. बोकडाचे कबूल आहे.

साक्षीदार २: फुको लान्यास, दुकानदार. मी सही करत आहे. ती मी चार वर्षांपूर्वी, दोरिंदाला हमीशिवाय पोशाख उधार देताना, करायला हवी होती.